हवेचा पाइप आणि एक सत्यप्रत

बायकोचं मनगट दुखत असेल तर सुज्ञ माणूस मलम आणतो. जावकसाहेबांनी कॉम्प्रेसर आणला.

अर्थात मलमाचे प्रयोग आधी झाले होते. मलम झालं, शेक झाला, मनगटाला पट्टा बांधून झाला, आणि शेवटी डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, की हातोडी सोडा, नाहीतर वर्षभरात या हाताने चहाचा कपसुद्धा उचलता येणार नाही. आता हिने हातोडी सोडायची म्हणजे काय सोडायचं, हे डॉक्टरांना कुठून कळणार? ती जुन्या खुर्च्या आणि सोफे नव्याने मढवून देत असे. हे काम ती वडिलांकडून शिकली होती. घराच्या मागच्या गॅरेजमध्ये गाडी कधी आलीच नाही. तिथे तिच्या खुर्च्या होत्या, फोमच्या लाद्या होत्या, कापडाचे तागे होते आणि मधोमध तिचं बुटकं स्टूल होतं. मूठभर बारीक खिळे तोंडात धरून ती एकेक खिळा ओठांवर आणायची आणि हातोडीच्या एका ठोक्यात बसवायची. तोंडात खिळे असल्यामुळे दुपारभर ती बोलू शकत नसे, आणि संसार इतकी वर्षं सुरळीत चालण्याचं एक कारण ते होतं, असं जावकसाहेब खाजगीत म्हणत. पण डॉक्टरांकडून आल्यावर तीन दिवस ती तोंडात खिळे नसतानाही बोलली नाही. तेव्हा मात्र साहेब कामाला लागले.

जावकसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. कारखान्यांच्या सुरक्षिततेवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयात त्यांची बत्तीस वर्षं गेली होती, आणि तिथून बाहेर जाणारा प्रत्येक कागद त्यांच्या टेबलावरून जात असे. कागदाला क्रमांक द्यायचा, जावक नोंदवहीत सुवाच्य अक्षरात नोंद करायची, प्रतीवर ‘सत्यप्रत’ असा शिक्का उठवून खाली सही ठोकायची, पाकीट बंद करायचं आणि शिपायाच्या हाती द्यायचं. बत्तीस वर्षांत त्यांचं एकही पाकीट भलत्या पत्त्यावर गेलं नाही. पाकिटात काय होतं, हे त्यांना कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही पाहिलं नाही. दुसऱ्याच्या नावचं पत्र वाचू नये, हा संस्कार त्यांच्यावर लहानपणीच झाला होता.

गल्लीला मात्र एवढा बारकावा कुठला ठाऊक असायला? सुरक्षा कार्यालयातला माणूस म्हणजे सुरक्षेतला माणूस, असा गल्लीचा सरळ हिशेब होता. कुणाकडे गॅसचा वास आला की आधी जावकसाहेबांना बोलावणं यायचं, मग गॅसवाल्याला. साहेब जात, मान तिरपी करून शेगडीकडे बघत आणि म्हणत, “काळजी घ्यायला हवी.” हे मत आजवर एकदाही खोटं ठरलेलं नव्हतं.

तर, हातोडीच्या जागी हवेवर चालणारा स्टेपलर घ्यायचा, असं साहेबांनी ठरवलं. बोट दाबलं की झालं, मनगटाला काम नाही. निवृत्तीनंतरच्या दोन वर्षांत त्यांनी स्वतःहून ठरवलेली ही पहिली गोष्ट. मोठ्या फर्निचरवाल्यांकडे असे स्टेपलर त्यांनी पाहिले होते. स्टेपलर आला, त्याला हवा लागते म्हणून कॉम्प्रेसर आला, आणि कॉम्प्रेसर सुरू केल्यावर घरातली भांडी मांडणीवर नाचू लागली, म्हणून तो मागच्या अंगणात मोरीशेजारी हलवावा लागला. आता कॉम्प्रेसर अंगणात आणि बायको गॅरेजच्या दुसऱ्या टोकाला. मधे तीस फूट. या तीस फुटांत हवा न्यायची कशी, एवढाच काय तो प्रश्न उरला.

प्लंबर आला. हा गुणी माणूस. पाण्याच्या बाबतीत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याने भिंतीवरून बोट फिरवत हिशेब सांगितला. “इथून वर घ्यायचा, छताखालून सरळ न्यायचा, वहिनींच्या स्टुलाच्या डोक्यावर खाली उतरवायचा. प्लास्टिकचा पाइप टाकू. हलका, गंज नाही, सोल्युशन लावलं की तासात तयार. फक्त साहेब, मी हवेचं काम कधी केलेलं नाही. पाण्याचा पाइप हवेला चालेल ना?”

या क्षणी जावकसाहेबांनी ‘मला माहीत नाही’ असं म्हटलं असतं, तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण ते तीन शब्द उच्चारायला जी ताकद लागते ती भल्याभल्यांकडे नसते. त्यांनी पाइप हातात घेतला. त्यावर दाबाचा आकडा छापलेला होता: दहा किलो. कॉम्प्रेसरच्या काट्यावर सात किलो. दहातून सात वजा केले की तीन शिल्लक राहतात, हे तर शाळेतलं पोरगंही सांगेल. मान तिरपी करून ते म्हणाले, “बत्तीस वर्षं सुरक्षा कार्यालयात काढली आहेत. चालेल. बिनधास्त टाक.”

“मग मला काळजी नाही,” प्लंबर म्हणाला. त्याने ते फार मनावर घेतलं. किती मनावर, ते पुढे येईलच.

एवढ्यात कुंपणाच्या भिंतीवर ओव्हरसियर उगवले. हे शेजारी. पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले आणि सध्या गल्लीच्या रहिवासी समितीचे चिटणीस. त्यांना भिंतीपलीकडून सल्ला देण्याची विद्या अवगत होती.

“प्लास्टिक?” ते म्हणाले. “काढा ते. लोखंड घाला, लोखंड. जस्ताचा मुलामा दिलेलं. मी चाळीस वर्षं लोखंडच टाकलं.”

“तुमचं पाण्याचं होतं. ही हवा आहे,” साहेब म्हणाले.

“पाणी असो, हवा असो, लोखंडाला पर्याय नाही. शहराच्या पूर्व भागात आम्ही मुख्य वाहिनी टाकली तेव्हाची गोष्ट सांगतो...”

आणि त्यांनी ती सांगितली. ती संपली तेव्हा प्लंबरचे वळणांवरचे निम्मे जोड, म्हणजे एल्बो, चिकटवून झाले होते. ओव्हरसियर लोखंडाबद्दल बरोबर सांगत होते, हे नंतर सिद्ध झालं. पण ते अगदी सगळ्याला लोखंडच सुचवत. मागे नातीच्या खेळातल्या घराला त्यांनी लोखंडी कॉलम सांगितले होते. खरं सांगणारा माणूस कंटाळवाणा असला की खऱ्याचं फार नुकसान होतं. साहेबांनी त्यांचे आभार मानले आणि प्लंबरला म्हणाले, “तू चालू ठेव.”

पाइप लागला. तो नुसताच करडा दिसतो म्हणून साहेबांनी स्वतः शिडीवर चढून त्याला निळा रंग दिला. मग एवढी सरळ आडवी नळी डोक्यावर फुकट कशाला राहील, म्हणून तिला आकडे अडकवून त्यावर बायकोच्या कात्र्या, दोऱ्यांची रिळं आणि कापडांचे नमुने टांगले. कॉम्प्रेसर धडधडला, साहेबांनी अंगणातला व्हॉल्व्ह उघडला, आणि आत बायकोने पहिली पिन मारली. ठप्प. मग दुसरी. मग ओळीने वीस-पंचवीस.

तिने स्टेपलर मांडीवर ठेवला आणि उजवं मनगट डाव्या हाताने चाचपून पाहिलं. “अहो,” ती म्हणाली, “दुखलंच नाही.”

जावकसाहेबांना बत्तीस वर्षांत दोन प्रशस्तिपत्रकं मिळाली होती. दोन्ही त्यांनी फ्रेम करून लावली होती. पण त्या दिवशी रात्रीच्या जेवणापर्यंत ते जे काही हवेत तरंगत होते, तसे त्या दोन्ही वेळा तरंगले नव्हते. आपण तिच्यासाठी काहीतरी केलं, आणि ते स्वतः केलं, याचा त्यांना आतून आनंद झाला होता. पुढचे पंचवीस दिवस ते रोज दुपारी गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून नुसतं ते ठप्प-ठप्प ऐकत बसत. मनगटाची सूज उतरली. बायकोने एका मोठ्या दवाखान्याच्या आठ खुर्च्यांचं काम घेतलं, जे तिने महिनाभर नाकारलं होतं.

सव्विसाव्या दिवशी ओव्हरसियरांचं लेखी पत्र आलं. एक भिंत मधे, पण पत्र टपालाने. कॉम्प्रेसरच्या आवाजाबाबत व एकूणच सुरक्षिततेबाबत समितीला चिंता वाटत असून, आपण सक्षम कार्यालयाचा ना-हरकत दाखला सात दिवसांत सादर करावा. खाली सही, शिक्का. साहेबांनी पत्र दोनदा वाचलं. त्यांना राग आला तो मजकुराचा नव्हे. पत्राला जावक क्रमांकच नव्हता.

“सक्षम कार्यालय!” ते म्हणाले. “यांना माहीत नाही कुणाला विचारताहेत. तासाभरात दाखला आणून तोंडावर फेकतो.”

जुन्या कार्यालयात ते दोन वर्षांनी पाऊल टाकत होते. आपण दारात दिसताच धावपळ होईल, कुणीतरी खुर्ची ओढेल, कुणीतरी चहा सांगेल, असं एक चित्र त्यांनी रिक्षात बसून रंगवलं होतं. दारातल्या शिपायाने त्यांच्यापुढे अभ्यागतांची वही सरकवली. “नाव, गाव, काम लिहा. आणि जरा वाचता येईल असं लिहा.”

ज्याच्या अक्षराचे नमुने नव्या कारकुनांना दाखवले जात, त्याला हे वाक्य ऐकावं लागलं. साहेबांनी लिहिलं आणि आत गेले. त्यांच्या टेबलावर आता एक तरुण कारकून होता. त्यांची खुर्ची, त्यांचा शिक्का, त्यांचा ओल्या स्पंजचा डबा, सगळं तिथेच होतं. फक्त ते टेबलाच्या उलट्या बाजूला उभे होते. या बाजूने टेबल फारच उंच वाटतं, हे त्यांना प्रथमच कळलं.

“दाखल्याचा अर्ज तीन प्रतींत,” कारकून मान वर न करता म्हणाला. “तपासणी अधिकारी दौऱ्यावर आहेत. पुढच्या आठवड्यात येतील. तोवर अर्ज भरून ठेवा.”

साहेबांनी भरायला घेतला. नाव, पत्ता, यंत्राचा प्रकार, सगळं झरझर झालं. रकाना सातवर पेन थांबलं. ‘हवा वाहून नेणाऱ्या नळीचा प्रकार. (याबाबतचे परिपत्रक पाहून मगच भरावे.)’ पुढे परिपत्रकाचा क्रमांक.

“हे परिपत्रक जरा दाखवता?”

कारकून उठला, कपाट उघडलं, फाइल काढली, चाळली, परत ठेवली. “फायलीत नाही. कार्यालय या इमारतीत हलवलं तेव्हा बरंच इकडे तिकडे झालं. थांबा, जावक नोंदवहीत बघतो.” त्याने जुनी जाडजूड वही काढली, बोट फिरवत एका ओळीवर थांबला आणि प्रथमच कौतुकाने बोलला. “वा! काय अक्षर आहे! हे बघा, चौदा वर्षांपूर्वी चारशे बारा कारखान्यांना पाठवलंय.”

साहेबांनी वाकून पाहिलं. अक्षर त्यांचंच. क्रमांक, तारीख, ‘प्रती ४१२’, आणि खाली त्यांची सही. छाती क्षणभर फुगली. “हे मीच पाठवलं आहे,” ते म्हणाले.

“हो का? मग झालंच की! तुम्हाला माहीतच असेल त्यात काय होतं.”

“म्हणजे,” साहेब म्हणाले, “स्थूलमानाने.”

“मग भरा रकाना.”

साहेबांनी पेन टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. स्थूलमानानेही काही आठवेना. शेवटी ते म्हणाले, “तुम्हीही सध्या इतकी परिपत्रकं पाठवता. कधी एखादं डोळ्याखालून जात असेल ना?”

कारकून मनापासून हसला. “छे हो. मी कुठे वाचत बसू? मी फक्त पाठवतो.”

हे वाक्य साहेबांच्या ओळखीचं होतं. त्यांनी स्वतः ते अनेकदा, असंच हसून, टेबलाच्या पलीकडून म्हटलं होतं.

जिना उतरताना त्यांना एक गोष्ट आठवली. परिपत्रकांच्या दहा-वीस प्रती नेहमी जास्त छापल्या जात, आणि उरलेल्या ते घरी नेत. पाठकोरे कागद होते, फुकट का घालवा? बायको ते चिकटवून मोठे करी आणि त्यातून खुर्च्यांचे फर्मे कापी: पाठीचा एक, बैठकीचा एक, हाताचा एक. गॅरेजमध्ये खिळ्याला असे शे-दीडशे कागदी फर्मे लटकत होते. त्यांची सगळी नोकरी तिथे लटकत होती म्हणा ना. त्यांनी रिक्षा केली.

गॅरेजमध्ये ठप्प-ठप्प चालू होतं. दवाखान्याच्या सात खुर्च्या झाल्या होत्या, आठवी बायकोसमोर होती. बाहेर कॉम्प्रेसर धडधडत होता आणि डोक्यावर निळा पाइप आपल्या कात्र्या-रिळांसह शांतपणे आडवा पसरला होता.

“अगं, चौदा वर्षांपूर्वीचं एक परिपत्रक हवंय,” साहेब धापा टाकत म्हणाले. “हवेच्या नळ्यांबद्दलचं. तुझ्या फर्म्यांत असेल.”

बायकोने स्टेपलर खाली ठेवला. “हवेच्या नळ्या... जाड कागद होता का? जांभळ्या शाईचा? तो मी हात असलेल्या खुर्चीला वापरला होता.” ती खिळ्यापाशी गेली आणि फर्मे चाळू लागली. “हे नाही, हे पाळणाघराचं. हे शिड्यांचं. हे बॉयलरचं, यात ते झाकणाचं छान समजावलंय.”

“तू हे वाचतेस?”

“कापताना वाचते की. पण अर्धंच. जिथे कात्री वळते तिथे मजकूर संपतो.” ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली, “कधी कधी वाटायचं तुम्हाला विचारावं, पुढे काय होतं म्हणून. पण तुम्ही दमून यायचात.”

साहेबही खिळ्यापाशी जाऊन फर्मे चाळू लागले.

जांभळ्या शाईच्या एका खुर्चीची बैठक सापडली, मग हात, मग पाठ. दोघं पाइपाखालीच फरशीवर बसली आणि तुकडे जुळवू लागली. बैठक खाली, हात बाजूला, पाठ वर. जमिनीवर एक कागदी खुर्ची तयार झाली आणि तिच्यावर जांभळ्या अक्षरांत शासन बोलू लागलं. साहेबांनी चष्मा सावरला आणि बैठकीपासून सुरुवात केली. “विषय: कारखान्यांतील दाबाखालील हवेसाठी वापरावयाच्या नळ्यांबाबत. हेच! ‘श्रम व वेळ वाचावा म्हणून अनेक ठिकाणी पाण्याच्या प्लास्टिक नळ्या हवेसाठी वापरल्या जात असल्याचे निदर्शनास आले आहे.’” ते खूश झाले. “बघ! अनेक ठिकाणी वापरतात.”

“पुढे हातावर आहे,” बायको म्हणाली. आता ती वाचू लागली. “‘पाण्याने भरलेली नळी फुटल्यास पाणी सांडते. तथापि दाबाखालील हवेने भरलेली नळी फुटल्यास...’ इथे कात्री वळली.”

“पाठीवर बघ.”

पाठ साहेबांच्या गुडघ्याखाली आली होती. त्यांनी गुडघा हलवला आणि वाचलं. “‘...तिचे तुकडे काचेप्रमाणे सर्व दिशांना उडतात. नळीवर छापलेला दाबाचा आकडा पाण्यासाठी असतो, तो हवेसाठी ग्राह्य धरू नये. ऊन, तेलाची वाफ, रंग व टांगलेले वजन यांमुळे नळी आतून ठिसूळ होते. ती अनेक दिवस व्यवस्थित चालते व फुटण्यापूर्वी कोणतीही सूचना देत नाही. एका कारखान्यात अशा नळीखाली बसून काम करणाऱ्या महिलेचे...’”

पुढचं त्यांनी मनात वाचलं. बायकोने त्यांच्या खांद्यावरून तेच वाचलं. मग दोघांनी एकदमच मान वर केली.

निळा पाइप. आकडे. कात्र्या. रिळं.

“अहो,” बायको अगदी हळू आवाजात म्हणाली, जणू पाइपाला ऐकू जाऊ नये, “उभे राहू नका. तसेच बाहेर चला.”

ज्यांच्या सहीशिवाय चारशे बारा कारखान्यांना कागद जात नसे, ते जावकसाहेब हातापायांवर रांगत गॅरेजच्या बाहेर आले. मागोमाग बायको आली, उजवं मनगट पोटाशी धरून, एका हाताने रांगत. कुंपणाच्या भिंतीवर अर्थातच ओव्हरसियर होते.

“काही पडलंय का?” त्यांनी विचारलं. “शोधायला मदत करू?”

साहेबांनी रांगतच कॉम्प्रेसरचं बटण बंद केलं. धडधड थांबली. पण आत पाइपात हवा तशीच कोंडलेली होती, आणि ती सोडायला टाकीखालचा खटका फिरवायचा असतो, हे त्यांना आठवेपर्यंत ओव्हरसियर म्हणाले, “आवाज बंद केलात ते उत्तम. आता दाखल्याचं काय झालं? मी म्हटलं होतं, लोखंड...”

गॅरेजमध्ये धडाका झाला. कान बधिर झाले. मग बराच वेळ बारीक काहीतरी फरशीवर पडत राहिल्याचा आवाज येत होता, आणि शेवटी एक रीळ दारातून घरंगळत बाहेर आलं आणि साहेबांच्या हातापाशी थांबलं.

ओव्हरसियरांचं वाक्य आयुष्यात प्रथमच अर्धवट राहिलं.

धूळ बसल्यावर दोघं दारात जाऊन उभी राहिली. पाइप दहा-बारा फूट गायबच झाला होता. निळे अणकुचीदार तुकडे सगळीकडे होते, फोममध्ये, ताग्यांत, खिडकीच्या चौकटीत. आठव्या खुर्चीच्या पाठीत एक वीतभर लांब तुकडा रुतला होता. समोर बुटकं स्टूल होतं. तिथे बसलेल्या माणसाचा चेहरा जिथे येतो, त्याच उंचीवर तो तुकडा होता.

बायको स्टुलाकडे बघत राहिली. “मनगटच दुखत होतं हो,” ती म्हणाली. “मनगटावरच निभावलं असतं.”

साहेब उंबऱ्यावरच बसले आणि त्यांना रडू कोसळलं. लाज वाटली, पण आवरेना. ओव्हरसियर भिंत ओलांडून आले, ज्या वयात ती ओलांडू नये त्या वयात, आणि त्यांच्याजवळ उकिडवे बसले. लोखंडाबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. हे त्यांचे उपकार साहेब जन्मभर विसरणार नव्हते.

लोखंडी पाइप नंतर लागला. ओव्हरसियरांनीच उभं राहून लावून घेतला, हवेतलं पाणी साचून गंज धरू नये म्हणून त्याला किंचित उतार दिला आणि टोकाला पाणी सोडायची तोटी बसवली, आणि त्या तोटीची माहिती दीड तास सांगितली. साहेबांनी ती अख्खी ऐकली. मधे दोन प्रश्नसुद्धा विचारले.

पण ती नंतरची गोष्ट. त्याआधी, धडाक्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, प्लंबर आला. फुटलेल्या तुकड्यांतला एक उचलून तो उलटापालटा करून पाहू लागला.

“साहेब, मी तर आणखी तीन ठिकाणी टाकला.”

“काय टाकलास?”

“हाच पाइप. हवेसाठी. तुमच्याकडचं काम झाल्यावर मी सगळ्यांना सांगितलं ना, सुरक्षा कार्यालयातल्या साहेबांनी स्वतःच्या घरी हाच लावून घेतलाय म्हणून. दातांच्या डॉक्टरांनी टाकला, गाड्या रंगवतो त्याने टाकला, आणि टायरवाल्याने.” त्याने साहेबांकडे पाहिलं. “तुमच्या शब्दावर टाकला, साहेब.”

बत्तीस वर्षं सह्या करूनही साहेबांच्या शब्दावर कुणी काही केल्याचं त्यांच्या ऐकिवात नव्हतं. एकदाच काय ते झालं, ते हे. त्यांनी प्लंबरला तिघांनाही फोन लावायला सांगितलं. दोघांना लागला; त्यांनी तिथल्या तिथे यंत्र बंद केलं. टायरवाला फोन उचलत नव्हता.

साहेब टेबलाशी बसले आणि कागदी खुर्ची समोर ठेवून त्यांनी परिपत्रकाची नक्कल केली, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत, त्याच सुवाच्य अक्षरात. बायको शेजारी उभी राहून एकेक ओळ ताडून बघत होती. खाली त्यांनी ‘सत्यप्रत’ लिहिलं आणि सही केली. मग तिने वर्तमानपत्रात गुंडाळलेला तो वीतभर तुकडा त्यांच्या पिशवीत घातला.

“देऊन येऊ नका,” ती म्हणाली. “वाचून या.”

टायरवाल्याचं दुकान म्हणजे रस्त्याला लागून पत्र्याची एक शेड. पत्रा उन्हाने तापलेला, आणि त्याच्याखालून प्लास्टिकचा करडा पाइप थेट मालकाच्या डोक्यावर आलेला. मालक एका चाकाच्या मागे लागला होता. त्याने साहेबांना ओळखलं आणि हातानेच नमस्कार केला.

“या साहेब! तुमच्याच सल्ल्याचा पाइप आहे बघा, एक नंबर चालतोय. काय, कागद आणलाय? ठेवा तिथे त्या डब्यावर, वाचतो नंतर. पोच हवी असेल ना? आणा, सही करतो.”

त्याने काळे हात फडक्याला पुसले, साहेबांच्या हातातला कागद घेतला आणि कोपऱ्यात सही केली. स्वच्छ, रीतसर पोच. एवढी एक सही मिळाली की त्यांचं काम संपे, आणि ते सुखाने घरी जाऊन झोपत. त्या परिपत्रकाच्या अशा चारशे बारा सह्या शिपायाने त्यांना आणून दिल्या होत्या.

त्यांनी कागद त्याच्या हातातून परत घेतला. “आधी कॉम्प्रेसर बंद करा,” ते म्हणाले.

“आत्ता? गिऱ्हाईक आहे हो.”

“आत्ता. बंद करा, टाकीतली हवा सोडा, आणि इकडे बाहेर येऊन बसा. मी वाचून दाखवतो.”

त्यांच्या आवाजात काहीतरी असावं, कारण टायरवाल्याने उठून यंत्र बंद केलं आणि खटका फिरवला. हवा फुस्स करून निघून गेली. गिऱ्हाइकही बाहेर आलं. तिघं रस्त्याच्या कडेला जुन्या टायरांवर बसले, आणि जावकसाहेबांनी विषयापासून वाचायला सुरुवात केली. ते सावकाश, एकेक शब्द वाचत होते. बैठक जिथे संपून हात सुरू होई, हात संपून पाठ सुरू होई, तिथे त्यांचा आवाज जरा अडखळे. ‘नळीखाली बसून काम करणाऱ्या महिलेचे’ या जागी तर ते थांबलेच. मग तेही त्यांनी पुरं वाचलं, आणि पिशवीतून निळा तुकडा काढून टायरवाल्याच्या हातात दिला.

टायरवाल्याने तुकड्याच्या टोकावर अंगठा टेकवून पाहिला. मग शेडखालच्या पाइपाकडे, मग पाइपाखाली स्वतः रोज उभा राहतो त्या जागेकडे बघत राहिला.

“साहेब,” तो म्हणाला, “एवढं सगळं त्यात लिहिलेलं होतं, मग महिन्यापूर्वी तुम्ही ‘चालेल’ कसं म्हणालात?”

साहेबांनी कागदाची घडी घातली. मान तिरपी करण्याची सवय होती, पण त्यांनी ती सरळच ठेवली.

“तेव्हा मी ते फक्त पाठवलं होतं,” ते म्हणाले. “वाचलं काल.”